हवेचं भाडं

लिलाव संपत आला होता आणि चष्मेवालीसमोर एक गृहस्थ एक डोळा झाकून बसले होते.

"आता सगळ्यात खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

गृहस्थांनी मान पुढं काढली, डोळा बारीक केला आणि अक्षरांशी झटापट सुरू केली. तेवढ्यात तिनं काउंटरखाली धरलेल्या फोनवर अंगठा दाबला. पडद्यावरचा आकडा वर सरकला. पलीकडून कोणीतरी त्याच्यावर चढवला. तिनं पुन्हा दाबला. मग पलीकडचा एकदम गप्प झाला, वेळ संपली आणि 'तुम्ही जिंकलात' अशी हिरवी पट्टी झळकली.

"मिळालं!" ती किंचाळलीच.

"मला तर काहीच दिसलं नाही," गृहस्थ ओशाळून म्हणाले.

त्या गृहस्थांना त्या दिवशी चष्म्याचं घर फुकट मिळालं आणि का मिळालं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

चष्मेवालीनं लिलावात घेतला होता तो मरिंबा. ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांनी झायलोफोनचा थोरला भाऊ समजावा. जेवणाच्या टेबलाहून लांब चौकट, तिच्यावर दोरीत ओवलेल्या लाकडी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली लोंबणारी एक पोकळ नळी. सुताचे गोळे लावलेल्या काठ्यांनी पट्टी ठोकायची, मग खालच्या नळीतली हवा घुमते आणि पोटात शिरेल असा गोड, जाड आवाज निघतो.

ती ज्या वाद्यमेळ्यात होती तिथं बहुतेक सगळे आपापल्या धंद्याच्या नावानं ओळखले जात. ड्रम बडवायचा तो बेकरीवाला, ट्रम्पेट फुंकायचा तो टॅक्सीवाला आणि या सगळ्या हौशी कळपाला हाकणारे मास्तर. एका गॅरेजच्या माडीवर तालीम चाले. खालून ग्रीसचा वास येई आणि ऐन हळुवार जागी कोणीतरी गाडीचा हॉर्न तपासून बघे. चष्मेवालीची जागा कायम मागच्या रांगेत. खंजिरी हलव, घुंगरू वाजव, कोणी आजारी पडलं की त्याच्या ठिकाणी उभी राहा. सगळ्यांच्या अडीनडीला धावणारं माणूस म्हणून तिचं फार कौतुक होतं, आणि अशा कौतुकाचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

मग संगीत महाविद्यालयानं त्यांना एक मरिंबा वापरायला दिला. एके दिवशी तालीम संपल्यावर ती एकटीच तो ठोकत बसली होती आणि जिन्यात चप्पल घालणारे मास्तर चप्पल काढून परत वर आले. वर्षातून एकदाच होणाऱ्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी तिला एक तुकडा दिला. एकटीनं वाजवायचा. पुढं उभं राहून. नाव छापून. त्या दिवशी घरी जाताना तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आणि कार्यक्रम तोंडावर आला असताना महाविद्यालयानं आपला मरिंबा परत मागितला.

"वाद्य आलं तर तुझं नाव राहील," मास्तर म्हणाले. "नाही आलं तर त्या जागी अकॉर्डियन. काय करू, लोकांना बसवून ठेवून रिकामा मंच दाखवता येत नाही."

मास्तर दुष्ट नव्हते. फक्त खरं बोलत होते, आणि त्याचाच राग येतो.

म्हणून लिलाव. दूरच्या एका शहरातल्या बाईनं जुना मरिंबा विकायला काढला होता, आणि तो इतका स्वस्त सुटला की कोणालाही शंका यावी. तिला आली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं ते पान पुन्हा, या वेळी नीट, उघडलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: वाहतूक घेणाऱ्याच्या खर्चानं. आठवड्याच्या आत रवाना न झाल्यास वाद्य पुढच्या बोलीवाल्याला. दिवसभर साऱ्या गावाला खालची ओळ वाचायला लावणाऱ्या बाईनं स्वतः खालची ओळ वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मालवाहतुकीच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं लांबी, रुंदी, उंची विचारली, यंत्रात घातली आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. भाडं वाद्याच्या किमतीच्या अडीचपट होतं.

"अहो, पण वजन तर फार नाही त्याचं!"

"बाई, वजन आणि जागा, दोन्ही मोजतो आम्ही. जे जास्त भरेल त्याचे पैसे. तुमची जागा जास्त आहे."

"पण आत निम्मी हवाच आहे. पोकळ नळ्या आहेत."

"मग हवेचे पैसे," कारकून म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा कधी उगवली असेल असं वाटतही नव्हतं.

ती बाहेर येते न येते तोच फोन वाजला. बाजारपेठेत वाद्यांचं मोठं दुकान असलेला दुकानदार होता. लिलावाच्या पानावर तिनं आपलं नाव 'चष्मेवाली' असंच घातलं होतं, त्यामुळं त्याला कोडं पडलं नव्हतं.

"अभिनंदन, ताई! भाडं विचारलंत का?"

"तुम्ही होतात होय पलीकडं?"

"मीच. कुठं थांबायचं ते मला कळतं, धंदाच आहे माझा," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "जिवाला त्रास करून घेऊ नका. सोडून द्या ते. पुढच्या महिन्यात माझा ट्रक तिकडून रिकामा येणारच आहे, त्यात टाकून आणीन. मग या की दुकानात. तुम्हाला वाजवून बघायचे पैसे घेणार नाही."

वाजवून बघायचे! भाड्यापेक्षाही ते शेवटचं वाक्य तिला जास्त झोंबलं.

घरी नवरा बूट काढत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं."

"काय म्हटलं होतंत?"

"म्हणजे म्हणणार होतो."

सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. या बाईंची ओळख नीट करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं. सासरे बदलीच्या नोकरीत होते. आज इथं, तर दोन वर्षांनी तिसरीकडं. दर वेळी सगळा संसार एका गाडीत बसवायचा असे, आणि दुसऱ्या गाडीचे पैसे सरकार देत नसे. त्यामुळं सासूबाईंच्या घरात एक कायदा होता: रिकामी वस्तू गाडीत चढणार नाही. बादलीत पातेलं, पातेल्यात डबा, डब्यात साखर. छत्रीच्या घड्यांत चमचे. एकदा त्यांनी सासऱ्यांच्या बुटांत अंडी भरून नेली होती आणि एकही फुटलं नव्हतं. ही गोष्ट त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा.

"फोटो दाखव बघू त्याचा," त्या म्हणाल्या.

चष्मेवालीनं दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, मग सुनेच्या हातून स्वतःचा चष्मा पुसून घेतला.

"हे जसं उभं आहे तसंच पाठवणार होतीस? अगं, एवढ्या नळ्या रिकाम्या! हे म्हणजे रिकामी पिंपं पाठवल्यासारखं झालं. सुटं होतं का हे?"

"होतं आई, पण विकणारीला येत नाही सुटं करायला. तिच्या मामांचं आहे ते. तिनं कधी हातही लावला नाही."

"तिला हात आहेत ना? मग लाव फोन."

फोनच्या पडद्यावर एक थकलेली तरुण बाई आली. कडेवर तान्हं मूल, खांद्यावर दुधाचा डाग, मागं खोलीभर पसरलेला मरिंबा. तिला त्या जागी पाळणा ठेवायचा होता आणि एवढ्यासाठीच ती वाद्य विकत होती.

"मोडलं तर, मावशी?" तिनं भीत भीत विचारलं.

"मोडलं तर आमचं मोडलं. पैसे देऊन झालेत. बाळाला खाली ठेव. किती महिन्यांचं? दात येतायत वाटतं, लाळ बघ किती गळते. बरं, आता घरात दुपटी किती आहेत ते सांग."

मग येणारा सगळा रविवार त्यातच गेला. इकडं टेबलावर फोन बरणीला टेकवून ठेवलेला, त्याच्यासमोर सासूबाई सेनापतीच्या थाटात, आणि बाजूला चष्मेवाली. कुठला भाग कशात अडकलेला आहे ते सून सांगे, आणि तो कशात कोंबायचा ते सासूबाई सांगत. आधी नळ्यांच्या दोन लांब रांगा खाली उतरवल्या. प्रत्येक रांग मधोमध सुटली. मग पट्ट्या. जाड आवाजाच्या मोठ्या पट्ट्या दोरीसकट चटईसारख्या गुंडाळून बाळाच्या दुपट्यांत बांधल्या. छोट्या पट्ट्या दोरीतून काढून पाठीवर पेन्सिलनं क्रम घातला.

"आता या छोट्या त्या रुंद नळ्यांत घाल," सासूबाईंनी फर्मावलं.

"घासतील ना आई. ओरखडा गेला तर स्वर बिघडेल," चष्मेवाली म्हणाली.

"मोजे घाल त्यांना."

"मोजे?" पलीकडून आवाज आला.

"पायातले गं. एकेका पट्टीला एकेक. लोकरीचे असतील तर उत्तम."

विकणारी आत जाऊन टोपलीभर मोजे घेऊन आली. पट्ट्या मोज्यांत गेल्या, मोजे नळ्यांत गेले, वाजवायच्या काठ्या गेल्या, चौकटीचे नट-बोल्ट रुमालात बांधून गेले. थोड्या वेळानं ती हसायलाच लागली. "मावशी, नवऱ्याचे सगळे मोजे संपले!"

"फिरेल चार दिवस अनवाणी. तब्येतीला चांगलं असतं."

पडद्यावर तिचा नवरा मागून जाता जाता थबकला, त्यानं आपल्या पायांकडं बघितलं आणि तो पुढं गेला.

सगळं ठीक चाललं होतं, आणि मग चौकटीच्या दोन लांब दांड्या आल्या. सुटे भाग साध्या पार्सलनं पाठवायचा बेत होता, पण साध्या पार्सलला लांबीची मर्यादा असते. दांडी त्याहून हातभर लांब होती. एवढ्याशा गोष्टीपायी सगळं पुन्हा मालवाहतुकीत जाणार, आणि पुन्हा तो कारकून, तो कागद, ते अडीचपट. सासूबाईंनी आडवी, तिरपी, कोपऱ्यातून कोपऱ्यात, सगळे प्रकार सांगून पाहिले. शेवटी त्यांनीही हात टेकले.

"पलंगाचे खांबसुद्धा निघायचे गं," त्या हताशपणे म्हणाल्या. "हे मेलं एकसंध दिसतंय."

ती दांडी म्हणजे चष्मेवालीची पुढं उभं राहायची जागा होती, आणि ती अख्खी होती, सरळ होती, आणि कुठं वाकत नव्हती. तिनं फोन सासूबाईंच्या हातून घेतला.

"दांडीवरून फोन हळूहळू फिरव," ती विकणारीला म्हणाली. "आणखी जवळ. आणखी. थांब. मागं घे. ते काळं काय आहे?"

"डाग आहे, ताई. वरच्या अंगालाही असतील."

"डाग इतका गोल नसतो. नखानं खरवड."

विकणारीनं खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली मोहरीएवढं चकाकणारं डोकं दिसलं, त्याच्यावर केसाएवढी खाच. चष्मेवालीचा सगळा जन्म अशा डोक्यांत गेला होता. दिवसाला असे ढीगभर स्क्रू ती डोळे मिटून फिरवत असे. कोणीतरी चौकट रंगवताना स्क्रूवरूनच ब्रश फिरवला होता आणि दांडी कायमची अखंड होऊन बसली होती.

"पण एवढा बारीक पेचकस कुणाच्या घरात असतो?" विकणारी रडकुंडीला आली.

"तुझा नवरा चष्मा लावतो ना? मघाशी मागून गेला. त्याच्या चष्म्याच्या घरात बघ, कापडाखाली. आम्ही देतो सगळ्यांना, कोणी उघडून बघत नाही."

कापडाखाली पेचकस होता, तोही कागदाच्या पाकिटात, जसाच्या तसा. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. "दाबून धर, मग फिरव. घाई नको," चष्मेवाली सांगत होती आणि इकडं टेबलावर तिची बोटं आपोआप वळत होती. स्क्रू फिरला. दांडीच्या पोटातून खट्ट आवाज झाला आणि ती मधोमध सुटली. विकणारी आनंदानं ओरडली, बाळ दचकून रडायला लागलं, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि चष्मेवाली ओट्यापर्यंत जाऊन उगाचच पाणी प्यायली, कारण तिला हुंदका आला होता आणि तो कुणाला दाखवायचा नव्हता.

दुसरी दांडीही तशीच सुटली आणि चार पार्सलं झाली. ठासून भरलेली, जड, हवेला शिरायला फट नाही. सगळ्यांचं मिळून भाडं त्या कारकुनानं सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरलं नसतं. पानावर 'रवाना' असा शिक्का उमटला तेव्हा मुदतीचा एक दिवस बाकी होता. त्या संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला नाही.

पण गोष्ट एवढ्यावर संपली असती तर बरं झालं असतं. तीन पार्सलं वेळेवर आली. चौथं, मोठ्या पट्ट्यांचं, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत गावाबाहेरच्या गोदामातच अडकून पडलं, कारण त्या दिवशी वाटपाची गाडी येणार नव्हती. टॅक्सीवाला म्हणाला, "माझा ट्रम्पेट शेवटी आहे. मी जातो." आणि बूट घालायच्या आधी निघालासुद्धा.

मंचाच्या मागच्या अरुंद खोलीत चौकट उभी राहिली. नळ्या लागल्या. सासूबाई जमिनीवर बसून मोज्यांतून पट्ट्या काढत होत्या आणि क्रमानं सुनेच्या हातात देत होत्या. दारात अकॉर्डियनवाला पट्टा गळ्यात अडकवून उभा होता आणि बिचारा माफी मागितल्यासारखा हसत होता. मास्तर दर पाच मिनिटांनी डोकावत. डावीकडचा अर्धा मरिंबा अजून दात पडलेल्या तोंडासारखा उघडा होता.

तेवढ्यात दुकानदार आत आला. तो दर वर्षी पुढच्या रांगेत असे. त्यानं ती चौकट पाहिली, खोकी पाहिली, सासूबाईंच्या मांडीवरचा मोज्यांचा ढीग पाहिला.

"हे पार्सलनं आलं?" त्यानं विचारलं. मनातल्या मनात तो आकडे मांडत होता आणि ते कुठंच जुळत नव्हते. "ताई, आत्ता सोडता का? दुप्पट देतो."

चष्मेवालीनं स्क्रू पुरा आवळला. मगच मान वर केली.

"जागेवर जाऊन बसा," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकवायचे पैसे घेणार नाही."

सासूबाई इतक्या जोरात हसल्या की मंचावरच्या व्हायोलिनवाल्यानं मागं वळून पाहिलं.

टॅक्सीवाला चौथं खोकं डोक्यावर घेऊन आला तेव्हा अकॉर्डियनवाल्याचं नाव पुकारायला मास्तर माइकपाशी पोचले होते. दुपटी सुटली, चटई उलगडली, दोरी आकड्यांत बसली. चष्मेवालीनं सगळ्यात खालच्या पट्टीवर हलकेच काठी टेकवली आणि तो जाड, ऊबदार आवाज पडद्याच्या पलीकडं गेला. मास्तरांनी तो माइकपाशी ऐकला. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात टाकला आणि तिचं नाव घेतलं. अकॉर्डियनवाल्यानं पट्टा काढला आणि एका बाजूनं मरिंबा ढकलायला स्वतःच हात लावला.

पुढं उभं राहिल्यावर दिवे इतके डोळ्यांवर येतात हे मागच्या रांगेत कधी कळलं नव्हतं. तिला समोरचं काहीच दिसेना. पहिले काही स्वर तिनं भीतीपोटी फारच पटापट उरकले. मग डावा हात त्या खालच्या पट्ट्यांवर आला, आवाज पायांतून वर चढला आणि भीती गेली. कुठं गेली ते तिला कळलं नाही. नळ्यांतली हवा घुमत होती, आणि हे सगळं ती करत होती, एकटी. तिला फार आनंद झाला. इतका, की एक जागा चुकली तरी तिला हसू आलं.

शेवटचा स्वर विरला. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. मागच्या रांगेतून बेकरीवाला ड्रमवरच टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत दुकानदार उभा राहिला होता आणि त्याच्याकडं बघून त्याची सगळी रांग उभी राहिली होती. "आणखी एक! आणखी एक!" लोक ओरडायला लागले.

चष्मेवालीनं गोंधळून मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी खांदे उडवले, म्हणजे आता तुझं तू बघ. ती माइकपाशी वाकली.

"मला एवढं एकच येतं," ती म्हणाली.

हॉल हसला, खळखळून हसला, पण कोणी खाली बसेना. मग तिनं काठ्या पुन्हा उचलल्या आणि तेच पहिल्यापासून वाजवलं. या वेळी तिनं सुरुवातीला घाई केली नाही.